एकदा सांगितलेलं

कॅप्टनसाहेबांच्या बायकोला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची खोड होती. "गॅस संपत आलाय," असं एकदा म्हणून तिचं समाधान व्हायचं नाही. हातातलं काम उरकून ती परत दारात यायची, "गॅस संपत आलाय म्हटलं," असं बजावायची आणि मगच जायची. कॅप्टनसाहेबांचं डोकं फिरायचं. विमान चालवताना टॉवरचं बोलणं एका दमात झेलणाऱ्या माणसाने घरी येऊन ही पोपटपंची ऐकायची म्हणजे काय!

"अगं, एकदा सांगितलेलं मला कळतं!" ते खेकसायचे.

हेच वाक्य ते विमानातही ऐकवायचे. डाव्या खुर्चीत ते स्वतः आणि उजव्या खुर्चीत जो कोणी को-पायलट येईल तो. त्याला पहिल्याच दिवशी ताकीद मिळायची की एकदा सांग आणि गप्प बस, कानाशी भुणभुण नको. बिचारे मान डोलवायचे. न डोलवून सांगतात कोणाला?

त्या दिवशी उजवीकडे मौनीबाबा होता. हे नावही कॅप्टनसाहेबांनीच ठेवलेलं. मुलगा कामाला चोख होता, पुढच्या महिन्यात त्याचं कॅप्टनपदाचं प्रशिक्षण सुरू व्हायचं होतं, पण बोलायचा अगदी मोजकं.

सकाळपासून सगळंच बिनसलं होतं. इंधनाची गाडी उशिरा आली. एक प्रवासी आलाच नाही, म्हणून त्याची बॅग शोधून उतरवण्यात वेळ गेला. त्यात धावपट्टीकडे जायची नेहमीची वाट दुरुस्तीसाठी बंद. टॉवरने दुसऱ्या वाटेने जायला सांगितलं. ही वाट धावपट्टीला मध्येच आडवी छेदून पलीकडे जात होती. अलीकडच्या पिवळ्या रेषेशी थांबायचं, उतरणारं विमान पुढे गेलं आणि टॉवरने परवानगी दिली की मगच ओलांडायचं. मौनीबाबाने टॉवरचा हुकूम शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला, तशी पद्धतच असते. कॅप्टनसाहेब विमान जमिनीवरून पुढे नेत होते आणि तोंडाने इंधनवाल्यांचा उद्धार चालू होता.

पिवळी रेषा आली आणि चाकाखालून गेली.

"थांबा! आहात तिथेच थांबा!" टॉवरमधली बाई किंचाळली. कॅप्टनसाहेबांनी ब्रेक दाबला तेव्हा विमानाचं नाक धावपट्टीवर डोकावत होतं. उतरायला आलेलं दुसरं विमान ऐन वेळी वर उचललं गेलं आणि काचा थरथरवत त्यांच्या डोक्यावरून निघून गेलं. मागे प्रवाशांत कोणाचं तरी तान्हं मूल रडायला लागलं.

कॅप्टनसाहेबांचा पाय अजून ब्रेकवरच रुतलेला होता. तरी तोंड शाबूत होतं.

"तोंड शिवलं होतं का रे तुझं? आधी बोलायला काय झालं होतं?"

"सर, मी बोललो होतो."

"कधी?"

मौनीबाबा टॉवरला उत्तर द्यायला वळला.

चौकशी होईपर्यंत दोघांनाही घरी बसवलं. कॅप्टनसाहेबांनी चौकशीवाल्यांना ठणकावून सांगितलं होतं की उजव्या खुर्चीतून चकार शब्द आला नाही. मौनीबाबा म्हणत होता, सांगितलं. दोघांतला एक खोटा. मुलगा खोटा ठरला तर त्याचं कॅप्टन होणं बुडालं. कॅप्टनसाहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं असं ठरलं, तर त्यांची डावी खुर्ची गेली.

"मी खोटं बोलत नाही," ते घरभर फेऱ्या मारत म्हणायचे. "म्हणजे तो बोलतोय. चोर तो चोर, वर शिरजोर!"

"पण तो खरंच बोलला असेल तर?" बायकोने भाजी चिरता चिरता विचारलं.

"हं," कॅप्टनसाहेब म्हणाले. त्यांच्या डोक्यात अजून इंधनाची गाडीच उभी होती.

भाजी फोडणीला टाकून ती दारात आली. "तो खरंच बोलला असेल तर, म्हटलं?"

"एकदा सांगितलेलं कळतं मला!"

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि टेबलावर कॉकपिटमधलं रेकॉर्डिंग ऐकवायचं यंत्र. मुख्य अधिकारी कॅप्टनसाहेबांचा जुना सहकारी होता. मौनीबाबा पलीकडे मान खाली घालून बसला होता. यंत्र सुरू झालं. आधी कॅप्टनसाहेबांचाच आवाज आला, इंधनवाल्यांच्या सात पिढ्यांपर्यंत पोचलेला. मग मौनीबाबाचा आवाज.

"सर, पुढच्या रेषेला थांबायचंय."

"हं," कॅप्टनसाहेबांचा आवाज म्हणाला. "आणि तो बॅगवाला! त्याला तर..."

मग टॉवरची किंकाळी.

अधिकाऱ्याने यंत्र बंद केलं. मग तो मौनीबाबाकडे वळला. "इंजिनांचा आवाज असतो. याचा आवाजही जरा बारीकच आहे. शिवाय नियम आहे, कॅप्टन थांबत नाही असं दिसलं की परत सांगायचं, तरी नाही थांबला तर स्वतः ब्रेक दाबायचा. परत का नाही सांगितलंस रे?"

"सर 'हं' म्हणाले. मला वाटलं, ऐकलंय. थांबतील. मग वेळच उरला नाही."

एवढंच. ताकिदीबद्दल एक अक्षर नाही. कॅप्टनसाहेब त्याच्याकडे बघत राहिले. सांग की लेका, त्यांना ओरडावंसं वाटलं, आता तरी तोंड उघड! पण मुलगा गप्प, आणि जुना सहकारी तर वाट काढून देऊन मोकळा झाला होता. कॅप्टनसाहेबांनी नुसती मान डोलवली असती तरी काम भागलं असतं.

"परत लावा," कॅप्टनसाहेब म्हणाले.

परत लावलं. आवाज बारीक नव्हता. चांगला खणखणीत होता.

"त्याने परत सांगितलं नाही, कारण मीच बंदी घातलीय," ते म्हणाले. "एकदा सांगितलेलं मला कळतं, असं सांगून ठेवलंय सगळ्यांना. तो बोलला. मी ऐकलं नाही. तो खोटा नाही."

"विचार करून बोला," अधिकारी हळूच म्हणाला.

"केलाय."

दुपारी ते घरी आले आणि बूटही न काढता बाहेरच्या खोलीत उभे राहिले. स्वतःचाच संताप येत होता, आणि घरात तो काढायला कोणी गुन्हेगार नव्हता.

"चहा टाकलाय," बायको आतून म्हणाली.

"हं."

थोड्या वेळाने हात पुसत ती दारात आली. "चहा टाकलाय म्हटलं."

कॅप्टनसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. ओट्यापासून या दारापर्यंत ती लग्न झाल्यापासून हेलपाटे घालत होती.

"तू दोनदा का सांगतेस गं?"

"पहिल्यांदा तुम्ही 'हं' म्हणता ना," ती सहज म्हणाली. "म्हणून." मग तिने विचारलं, "त्या मुलाचं काय झालं?"

"सुटला. पुढच्या महिन्यात प्रशिक्षणाला जाईल."

उत्तर पहिल्याच फटक्यात आलं तशी ती जरा बावरली. एक पाऊल पुढे आली.

"आणि तुम्ही?"

कॅप्टनसाहेब खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागले. नाडी सुटेना. या वेळी तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.