गोळा, वाटी आणि सुमनबाईंची चावी

नमस्कार मित्रांनो! अहो, वर कुठे बघताय? खाली बघा, खाली! ट्रॅक्टर संपतो आणि ट्रॉली सुरू होते ना, त्या मधल्या जागेत, जिथे कुणाचं लक्ष म्हणून जात नाही, तिथे मी असतो. मी एक जुना, ग्रीसनं माखलेला कुलपाचा हूक आहे. रूपाचं म्हणाल तर आनंदच आहे, पण पकडीच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही.

आधी माझं अंग समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. माझे दोन भाग. ट्रॅक्टरच्या मागच्या लोखंडी पट्टीला एक भोक असतं. त्यात माझा गोळा उभा राहतो आणि खालून नटानं आवळलेला असतो. ट्रॉलीच्या दांडीच्या टोकाला माझी वाटी पालथी बसवलेली असते. वाटी गोळ्यावर ठेवायची आणि वरचा खटका दाबायचा. मग आतली जीभ गोळ्याच्या मानेखाली सरकते. खटक्याला कुलूप घातलं, चावी फिरवली, की झालं. मग मी कुणाच्या बापाला सोडत नाही!

माझा जन्म कशामुळे झाला, तीही गंमतच आहे. सावद्याजवळच्या एका गावात चुडामणभाऊ राहायचे. केळीची बाग, एक ट्रॅक्टर, एक ट्रॉली. तेव्हा सगळ्या ट्रॉल्या साध्या पिनेनं जोडत. भोकावर भोक आणायचं, वरून जाड पिन सोडायची, की चला. या पिनांची गावात एक रीत होती. आपली पिन हरवली की शेजारच्या ट्रॉलीची काढून न्यायची. विचारायचं नाही. विचारलं तर समोरच्यालाच राग यायचा, "घरचं माणूस विचारतं का कधी?" म्हणून. त्यामुळे गावातल्या पिना सतत फिरतीवर असत, आणि ज्याची गेली तो पहारीचा तुकडा, जुना बोल्ट, सापडेल ते भोकात खुपसून काम भागवायचा.

एकदा चुडामणभाऊंची पिन अशीच गेली. त्यांनी घाईत एक वाकडी सळई अडकवली आणि शेतातून घराकडे निघाले. ट्रॉलीत त्यांच्या बायको सुमनबाई आणि कडेवर त्यांची तान्ही कुंदा. नाल्याचा चढ लागला, सळई उडाली, आणि ट्रॉली जी मागे घरंगळली ती थेट केळीच्या बागेत! केळीच्या मऊ खांबांनी तिला झेललं म्हणून बरं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण सुमनबाईंनी जी धास्ती घेतली ती घेतली. ट्रॉली नुसती दिसली तरी त्या कुंदाला छातीशी धरायच्या.

यात अडचण अशी झाली, की त्यांचं माहेर पहूरला. एसटी बदलत बदलत जायचं. लग्नसराईच्या गर्दीत तान्ह्या लेकराला घेऊन ते काही त्यांना एकटीला जमेना. आणि उन्हाळ्यात त्यांच्या एकुलत्या एक भावाचं, भटूचं, लग्न ठरलं. सुमनबाई एकट्याच बहीण, म्हणजे करवली त्याच. शिवाय पहूरकडे कापूसच कापूस, केळी नाहीच. "मांडवाचे केळीचे खांब माझ्या शेतातले येतील," असा शब्द त्यांनी लग्न ठरताना सगळ्यांसमोर देऊन ठेवला होता. खांब ट्रॉलीतून जाणार, ट्रॅक्टर चुडामणभाऊ चालवणार, भाऊबंदांच्या बायका ट्रॉलीत बसणार. आणि ज्यांच्या भावाचं लग्न, त्याच म्हणत होत्या, "खांब जाऊ द्या. मी नही बसत त्याच्यात."

चुडामणभाऊ बोलके नव्हते. पण ते मनाला लावून घेत.

एकदा केळी विकायला ते दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत गेले. तिथे त्यांना एका जीपमागे छोटी गाडी जोडलेली दिसली. पिन नाही, तर गोळ्यावर टोपण आणि वर कुलूप! चुडामणभाऊ तिथेच उकिडवे बसून बघत राहिले. मग थेट जळगाव गाठलं आणि पितांबर मिस्तरींच्या लेथवर जाऊन उभे राहिले.

पितांबर मिस्तरी मूळचे धुळ्याकडचे, अहिराणी बोलणारे, आणि मोठे गमतीदार. चुडामणभाऊंना काही समजावून सांगता येईना. शेवटी त्यांनी डबा उघडला, त्यातला दादर ज्वारीचा लाडू ठेवला आणि त्यावर वाटी पालथी घातली. "असं पाहिजे. लाडू बाहेर नही आला पाहिजे."

मिस्तरींनी वाटी उचलली, लाडू खाऊन टाकला आणि म्हणाले, "समजनं भाऊ. लाडू गोड शे. आते बठ्ठं जमी जाई."

मग त्यांनी ट्रकच्या जुन्या एक्सलचा तुकडा लेथवर चढवला. काय सांगू, नुसत्या गुदगुल्या! छिलके उडत होते आणि मी गोल गोल होत होतो. वाटी मात्र ठोकून ठोकून केली, ती आठवण काही गोड नाही. शेवटी खटका बसला, कुलूप लागलं आणि मिस्तरींनी मला दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. मी हललो नाही. तो माझ्या आयुष्यातला पहिला अभिमानाचा क्षण.

घरी आल्यावर चुडामणभाऊंनी मला बसवलं आणि चावी सुमनबाईंच्या हातात दिली. "तूच लावजो. तूच ओढून पाहजो. तुझा भरोसा बसला तरच बस." सुमनबाईंनी कुलूप लावलं, कुंदाला खाली ठेवलं, पदर खोचला आणि मला असं काही हिसडलं, की मिस्तरी परवडले! मी ढिम्म. त्या हसल्या. चावी त्यांनी पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

पण गावात माझ्यावरून महाभारत झालं. चुडामणभाऊंचे थोरले चुलतभाऊ उखर्डूनाना सकाळी नेहमीप्रमाणे ट्रॉली न्यायला आले. वाकले. बघतात तर कुलूप!

"काय रे चुडामण," ते ओरडले, "माझ्या घराले नुसती कडी हाये, अन् तू लोखंडाले कुलूप लावतो? कोणासाठी? माझ्यासाठी?"

"तसं नही नाना—"

"समजलं मले समजायचं ते! तुमचं लग्न, तुमची ट्रॉली, तुमचं कुलूप. मी काय येत नही."

आणि नाना तरातरा निघून गेले. मला फार वाईट वाटलं. मी जोडायला जन्मलो आणि पहिल्याच दिवशी घर तोडलं, असं कसं झालं?

लग्नाचा दिवस उजाडला. लग्न संध्याकाळचं, गोरज मुहूर्तावर. पहाटे तोडलेले हिरवेगार खांब ट्रॉलीत आडवे झाले, वर बायका बसल्या. सुमनबाईंनी मला कुलूप घातलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं, आणि कुंदाला घेऊन चढल्या. नाल्याच्या चढावर त्यांनी डोळे घट्ट मिटले. मी जीव खाऊन धरलं. चढ संपला तेव्हा शेजारच्या सुगंधाबाई म्हणाल्या, "उघड वो माय डोळे, झाला चढ!" मग बायकांनी जी गाणी धरली, ती भुसावळ मागे पडेपर्यंत थांबली नाहीत.

आणि जामनेरच्या अलीकडे ट्रॅक्टरनंच दगा दिला. क्लच गेला. इंजिन फुरफुरतंय, चाक काही फिरत नाही. वर ऊन रणरणतंय. बायका उतरून निंबाखाली बसल्या, गाणी बंद. मागून एक ट्रॅक्टरवाला आला, भला माणूस, म्हणाला, "द्या ट्रॉली, मी ओढतो." खाली वाकला आणि डोकं खाजवत उभा राहिला. त्याच्या पट्टीला नुसतं भोक आणि हातात पिन. माझ्या वाटीला तर गोळा लागतो! तो हळहळला आणि गेला.

"या कुलपानंच घात केला," कुणीतरी म्हणालं. मित्रांनो, लोखंडाला रडता येत नाही म्हणून, नाहीतर मी तिथेच रडलो असतो. खांबांची पानं उन्हानं मलूल होत होती, त्यांवर सुमनबाई तांब्यातलं पाणी शिंपडत होत्या. तिकडे भटू वाट बघत असेल, मांडव खांबांवाचून उघडा असेल, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

तेवढ्यात धडधड आवाज आला. रस्त्यावर ओळखीचा ट्रॅक्टर! वर उखर्डूनाना, डोक्यावर कोरी टोपी, आणि बाजूला मडगार्डवर त्यांच्या बायको, बेबाबाई, नव्या लुगड्यात. ट्रॉली नाही, काही नाही. रुसवाही सोडवत नव्हता आणि लग्नही सोडवत नव्हतं, म्हणून स्वारी वेगळी निघाली होती!

"आम्ही काही तुमच्यासाठी नही थांबलो," नाना खाली उतरत म्हणाले. "ट्रॅक्टर तापला म्हणून थांबलो."

"खोटं नका बोलू," बेबाबाई म्हणाल्या. "दुरून लुगडी दिसली तवाच दाबला तुमी ब्रेक."

नाना माझ्यासमोर उकिडवे बसले. माझ्याकडे बराच वेळ रागानं बघितलं. मग हात घालून गोळ्याखालचा नट चाचपला आणि एकदम म्हणाले, "अरे चुडामण, हा गोळा त्याच भोकात उभा हाये ना, ज्याच्यात पिन जायची? मग ते भोक माझ्या ट्रॅक्टरले बी हाये! काढ गोळा, लाव इकडं!"

सुमनबाईंनी पदराची गाठ सोडली, चावी फिरवली. सगळ्यांनी मिळून दांडी उचलून दगडावर ठेवली. आता नट काढायचा. पण तो ढिम्म हलेना. बसवल्यापासून त्याला तेलाचं बोट लागलेलं नव्हतं! पान्याला पाइप लावला, चुडामणभाऊ लोंबकळले, उपयोग शून्य. शेवटी बेबाबाईंनी पिशवीतून डोक्याला लावायच्या खोबरेल तेलाची बाटली काढली आणि अख्खी नटावर ओतली. जरा वेळानं नट कुरकुरत फिरला. असा वास सुटला, की मी हूक आहे की करवली, तेच कळेना!

आता नानांच्या ट्रॅक्टरमधली पिन काढायची होती. नानांनी ती उपसली आणि चटकन धोतराच्या सोग्यामागे नेली. पण चुडामणभाऊंनी पाहिलीच. पिनेच्या डोक्याला हिरवा रंग होता. तो त्यांनी स्वतःच लावला होता.

"नाना, ही तर आमची पिन!"

मग नाना म्हणाले, "तुमची म्हणजे काय? घरच्या घरातच तर होती!"

बायका अशा हसल्या, की कुंदा दचकून जागी झाली. नानाही हसले. हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. ते सुमनबाईंकडे वळले. "माय, तुमी नाल्यात घसरले ते माझ्यापायी. पिन मी नेलेली. कोणी बोललं नही, अन् मी बी विचारलं नही. वरून रुसलो मीच."

"जाऊ द्या नाना," सुमनबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "तुमी आले, बस झालं."

नानांनी गोळा बसवला, वाटी त्यावर टेकवली आणि मागे सरकले. "कुलूप तुमी लावा, सुमनबाई. तुमी लावल्याशिवाय मी सीटवर बसत नही."

खट्! सुमनबाईंनी चावी फिरवली. या वेळी त्यांनी मला एकदाच ओढलं. आणि पहूरपर्यंत डोळे उघडे ठेवून बसल्या.

वेशीवर भटू मुंडावळ्या बांधून उभा होता. लोक घोड्यावर बस म्हणून मागे लागले होते आणि तो म्हणत होता, "अक्का आल्याशिवाय नही बसत." खांब उतरले, मांडवाच्या दारात उभे राहिले, अक्षता पडल्या. करवलीच्या पदराला चावी कसली, म्हणून नवरीकडच्या बायका विचारत होत्या. सुमनबाई म्हणाल्या, "माहेराची!"

त्यानंतर माझी चावी ओट्यावरच्या खुंटीला लागली. ज्याला ट्रॉली हवी त्यानं यायचं, हाक मारायची, चावी मागायची. पहिली हाक नानांचीच असे, "सुमनबाई, चावी वो!" कधी कुणी नाही म्हटलं नाही, पण विचारायची रीत पडली. मी सावद्याला केळी नेली, जिनिंगला कापूस नेला, वऱ्हाडं तर किती नेली. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या माहेरपणाला, सुमनबाईंना पहूरला नेलं. आसपासची माणसं वाकून मला बघायची, तेव्हा मी उगाच थोडा चमकायचो.

पुढे नवी मोठी ट्रॉली आली, नव्या पिनेसकट. मला काढून गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली टाकलं. गंज चढला. कोंबडीनं वाटीत अंडं घातलं, ही माझी त्या काळातली कमाई! हसा, हसा. पण मला मधूनमधून नाल्याचा चढ आठवायचा आणि करमायचं नाही.

मग एका आखाजीला पोतं उचललं गेलं. समोर सुमनबाई, केस पिकलेले. तान्ही कुंदा आता मोठी झाली होती, लग्न होऊन सासरी गेली होती, आणि पहिल्यांदाच आखाजीला माहेरी येऊन परत निघाली होती. सुमनबाईंनी मला रॉकेलनं धुतलं, ग्रीस भरलं, कुलपात तेल सोडलं. "कुंदीच्या ट्रॉलीले पिन नको," त्या चुडामणभाऊंना म्हणाल्या. "हाच लावा."

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. जे तुम्हाला धरून ठेवतं, ते बहुधा खाली असतं, मळलेलं असतं, दिसत नाही. त्याला कधीतरी तेलाचं बोट लावा. निघायच्या आधी एकदा वाकून बघा, ओढून बघा. आणि दुसऱ्याचं काही न्यायचं असेल तर विचारा, घरचं असलं तरी. घरचं असलं तर आधी विचारा.

त्या दिवशी कुंदा ट्रॉलीत चढली. चुडामणभाऊंनी ट्रॅक्टर सुरू केला, तोच काठी टेकत उखर्डूनाना आले आणि ट्रॅक्टरपुढे आडवे उभे राहिले. आता त्यांना नीट दिसत नव्हतं, वाकताही येत नव्हतं.

"बंद कर ते इंजिन," ते म्हणाले. "पोरगी बसली हाये. मले कुलपाचा आवाज ऐकू दे."

इंजिन बंद झालं. सुमनबाई वाकल्या, लावलेलं कुलूप उघडून त्यांनी पुन्हा चावी फिरवली.

मी आयुष्यात कधी वाजलो नव्हतो एवढ्या जोरात वाजलो. खट्!

नाना बाजूला झाले. "जा आता," ते म्हणाले.