टोपलीतली नात आणि बोसा नोव्हा

बँडमध्ये सतरा माणसं, आणि ड्रमवाल्याचं खरं नाव त्यातल्या फारसं कोणाला आठवत नव्हतं. बत्तीस वर्षं सगळे त्याला तोफ म्हणत आले होते. त्यालाही ते आवडायचं. वाजवायचं ते ऐकू जाण्यासाठीच, असं त्याचं साधं म्हणणं.

आणि आता सख्ख्या बहिणीचा मुलगाच त्याच्या मुळावर उठला होता! बँड हल्ली या गिटारवाल्या भाच्याच्या हातात होता, आणि ब्राझीलची हळुवार बोसा नोव्हा बिग बँडच्या दणदणीत जॅझमध्ये मिसळायचं खूळ त्याने डोक्यात घेतलं होतं. आधी एकटी गिटार, मागे ड्रमची नुसती कुजबुज; मग तेरा ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनवाल्यांनी एकदम तुटून पडायचं. पण तिथवर पोचतंय कोण? तोफेच्या कुजबुजीत गिटार आतापर्यंतच्या दोन्ही तालमींत वाहून गेली.

"मामा, उद्या दुपारी शेवटची तालीम," भाचा म्हणाला. "नाही जमलं तर शनिवारच्या कार्यक्रमाला दुसरा ड्रमवाला बसवीन. आई माझ्याशी बोलणार नाही, पण इलाज नाही."

ड्रममागच्या त्या स्टुलावरून उठून जायचं कुठे, हे तोफेला माहीतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यात भर पडली. त्याच्या मुलीला अचानक कामावर बोलावलं आणि आठ महिन्यांची नात त्याच्या गळ्यात पडली. दात येत होते; सकाळपासून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. तालमीच्या खोलीशी येता येता कुठे तिचा डोळा लागला. तोफेने टोपली ड्रमशेजारी ठेवली आणि सगळ्यांवर डोळे वटारले.

"ज्याच्यामुळे उठेल त्याने सांभाळायची. सांगून ठेवतोय!"

गिटार सुरू झाली. तोफेने तारांचा ब्रश ड्रमवरून असा फिरवला, जणू नातीच्या पाठीवरून हात फिरवतोय. काय सांगावं! गिटारची तार न् तार ऐकू आली. भाच्याने आ वासला.

पान उलटलं. दणकून फुंकायची जागा आली, आणि कोणी फुंकेचना! सगळ्यांची नजर टोपलीवर.

"अरे, वाजवा की!" भाचा हातवारे करत ओरडला.

"आत्ता झोपलीय रे," तोफ पुटपुटला.

"मामा, हळू वाजवणारे मला पन्नास मिळतील! हा दणका तुझ्याशिवाय कोण देणार? म्हणून तर तुझ्या मागे लागलोय!"

मेल्याने हे आधी नाही का सांगायचं? तोफेने काड्या उचलल्या आणि बत्तीस वर्षांचं सगळं ओतलं. खिडक्या हादरल्या, तेरा जणांचे गाल फुगून लाल झाले. नात ढाराढूर.

मग शेवटची ओळ: पुन्हा एकटी गिटार, अगदी हळुवार. नातीने डोळे उघडले आणि जो टाहो फोडला म्हणता! सोळा माना एकदम भाच्याकडे वळल्या.

बिचारा तिला कडेवर घेऊन खोलीभर फिरला. गप्प होईल तर शपथ! शेवटी तोफेने ड्रमवर एक सणसणीत ठोका दिला. पोर रडता रडता थांबली आणि खुदकन हसली.

भाच्याने एका हाताने तिला सावरलं, दुसऱ्या हाताने पेन काढून ती हळुवार ओळ खोडली.

"शेवट दणक्यातच करू," तो म्हणाला. "आणि मामा, शनिवारी वेळेवर ये."