ताईच्या कानातला आवाज

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. दारात टोकन देणाऱ्या मुलीसमोर दोन-दोन तास रांग लावून माणसं आत आली होती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, उरलेली माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहिली. व्यासपीठावर कपाटाएवढी एक काळी पेटी होती आणि तिच्या छातीवर निळा दिवा. पेटीचं नाव अंतर्यामी. शेजारी पांढरा कोट घातलेला माणूस कीबोर्ड घेऊन बसला होता. तो स्वतःला सेवक म्हणवायचा आणि बोलायचा मात्र मालकाच्या थाटात.

"फोन काढून बघा," सेवक म्हणाला. "आहे रेंज? नाही. इथे नेट नाही, वायर नाही. अंतर्यामी तुमच्या मेंदूतली क्वांटम स्पंदनं थेट वाचतो. मी पामर फक्त तुमचा प्रश्न टाइप करतो."

तिसऱ्या रांगेतली एक बाई उठली. तिने एवढंच विचारलं, "माझं कसं होणार?"

सेवकाची बोटं बराच वेळ चालली. एवढ्याशा प्रश्नाला इतकं काय टाइप करायचं, हे कुणाच्या मनात आलं नाही. दिवा लुकलुकला आणि पेटी मऊ आवाजात म्हणाली, "बहिणीचं लग्न आपल्यामुळे मोडलं, असं तुम्ही अकरा वर्षं समजत आलात. ते ओझं आता खाली ठेवा."

बाई मटकन खाली बसली. रांगारांगांतून डोळे पुसले गेले.

पहिल्या रांगेत कानवाला बसला होता, शेजारी त्याची ताई. कानवाला म्हणजे बाजारामागच्या गल्लीत श्रवणयंत्रं बसवून देणारा माणूस. बायको जाऊन चार वर्षं झालेली. दिवसभर दुसऱ्यांच्या कानांत आवाज घालायचा आणि संध्याकाळी घरी गेला की गळक्या नळाशिवाय त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. नाही म्हणायला इंटरनेटवरचा एक कट्टा होता. श्रवणयंत्रं जुळवायचा एक प्रोग्राम लिहून त्याने तो फुकट वाटला होता, आतल्या सगळ्या ओळींसकट. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा. त्याभोवती देशोदेशींची तीसेक माणसं जमली होती. एकाचंही तोंड त्याने पाहिलेलं नव्हतं. त्यातल्या 'घुबड' नावाच्या सदस्याशी तो सहा वर्षं रोज भांडत होता आणि घुबड बाई आहे की पुरुष हेही त्याला ठाऊक नव्हतं.

रक्ताची म्हणावी अशी एक ताईच उरली होती. तिलाही यंत्राशिवाय ऐकू येत नव्हतं. तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी तपासण्या करून सोमवारची तारीख दिली होती, उशीर नको म्हणून दोनदा बजावलं होतं. आणि मागच्या आठवड्यात अंतर्यामी म्हणाला होता, "सुरी लावू नका. गाठ विरघळेल." आज गुरुवार होता.

बाहेर पडल्यावर कानवाल्याने विषय काढला. "ताई, एका पेटीच्या सांगण्यावरून ऑपरेशन टाळतेस?"

"पेटीच्या नाही," ताई म्हणाली. तिने आजूबाजूला पाहिलं. "कुणाला सांगू नकोस. पेटी बोलायच्या आधी मला कानात तुटक तुटक शब्द येतात. बहिणीचं लग्न, अकरा वर्षं, हे मला आधीच ऐकू आलं. माझंही तसंच आलं होतं. गाठ, सोमवार, तुझा आग्रह, सगळं. एवढ्या माणसांत फक्त मला."

"भास असेल."

"भास रोज बरोबर निघतो का रे? आणि तुला सांगते, हे गेल्यापासून मला कुणी काही आधी सांगितलेलं नाही. बहिऱ्या माणसाला सगळं शेवटी कळतं. सगळे हसून झाले की मग विनोद सांगतात. आता कुणीतरी आधी मला सांगतंय, तर ते तुझ्या डोळ्यांत खुपतंय."

कानवाल्याला तिची कीव आली आणि मग स्वतःचीही, कारण त्यालाही कुणी काही आधी सांगत नव्हतं.

दुकानात येऊन त्याने सवयीने कट्टा उघडला. फक्त मला, आधी, कानात. हे शब्द डोक्यात घोळत असताना त्याला एक जुनी तक्रार आठवली आणि ती त्याने शोधून काढली. तीन महिन्यांपूर्वी घुबडाने लिहिलं होतं: 'सेल बदलला की यंत्र आपोआप टेलिफोनच्या प्रोग्रामवर जातं. चूक तुझ्या ओळींत आहे.' खाली त्याचंच उत्तर होतं: 'माझ्याकडे असं होत नाही. तक्रार बंद करतो.'

श्रवणयंत्रात तारेचं एक बारीक वेटोळं असतं. टेलिफोनच्या प्रोग्रामवर यंत्र आजूबाजूचं ऐकवतंच, शिवाय ते वेटोळं रिसीव्हरच्या चुंबकाची थरथर पकडून तिचा आवाज करतं. रिसीव्हरच पाहिजे असं नाही. आवाज वाहणारी कुठलीही वायर जवळून गेली तरी पुरते. ताई दर आठवड्याला सेल बदलत होती आणि तिचं यंत्र त्यानेच जुळवलेलं होतं.

'तुझं बरोबर होतं,' त्याने लिहिलं. 'मी गाढव.'

'सहा वर्षांत पहिल्यांदा,' घुबडाचं उत्तर आलं. 'काय झालं?'

त्याने सगळं लिहिलं. थोड्या वेळाने घुबडाने लिहिलं: 'गालिच्याखाली वायर असणार. सेवकाच्या कानात त्या वायरीतलं ऐकवणारी बारकी गोळी, परीक्षेत कॉपी करणारे वापरतात तसली. तपासायची कॉइल घेऊन जा, वायरीतला आवाज स्पीकरवर सगळ्यांना ऐकू येईल. पण बहिणीला सभेत कळू देऊ नकोस. आधी सांग.'

शनिवारी सकाळी तो ताईकडे गेला आणि तिच्यासमोर बसून, ओठ दिसतील असं सावकाश बोलला. "ताई, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या कानातला आवाज माझ्या चुकीने येतो."

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू जळतोस."

"असेल. ही कॉइल तूच धर. बटण तूच दाब. काही आलं नाही तर सोमवारचं मी नाव काढणार नाही."

त्या दिवशीच्या सभेत पाचव्या रांगेतला करड्या टोपीचा म्हातारा उठला. "घर खायला उठतं," तो म्हणाला. "काय करू?"

सेवकाने बोटं कीबोर्डवर ठेवली. ताईने बटण दाबलं. काडेपेटीएवढ्या स्पीकरमधून एका कंटाळलेल्या बाईचा आवाज सभागृहात घुमला.

"करडी टोपी, पाचवी रांग. बायको सोडून गेली. ते काढू नकोस, मुलीचं काढ, मुलगी पत्र लिहीत नाही. लिहिलंस का? आणि त्या बहिऱ्या बाईला आज परत सांग ऑपरेशन नको म्हणून. ती येते तेव्हा चार जणींना घेऊन येते. लवकर आटप, माझा चहा निवतोय."

सेवकाचा हात नकळत कानाकडे गेला. तोंड उघडलं आणि त्यातून एकही स्पंदन बाहेर पडलं नाही.

कानवाला व्यासपीठावर चढला. गालिचा उचलून त्याने पहिल्या रांगेच्या पायांखालून फिरवलेली वायर दाखवली. दोन तास रांगेत उभा राहिलेला माणूस शेजाऱ्याला सात पिढ्या सांगतो, आणि टोकन देणारी गोड मुलगी ते टिपून आतल्या खोलीत पोचवते, हेही सांगितलं.

"पण पेटी बोलते ती?" कुणीतरी विचारलं.

"बोलते. तिच्यातली कृत्रिम बुद्धी फुकट मिळते. माझ्या दुकानातल्या संगणकावरही आहे, मी तिच्याकडून पत्रं लिहून घेतो. ती वाईट नाही. तुमचं दुःख तिला सांगितलं तर ती ते गोड शब्दांत परत देते. पण आधी कुणीतरी सांगावं लागतं. हा कानात ऐकून तुमच्या प्रश्नाखाली लिहायचा. गळ्यातली गाठ तिने पाहिलेली नाही, यानेही नाही. डॉक्टरांनी पाहिली आहे. चूक माझ्याही हातून झाली. ती कट्ट्यावर माझ्या नावासकट लिहिलेली आहे, कुणीही वाचा. उघड्यावर होती म्हणून सापडली. यांची पेटी उघडायला मनाई आहे. का, ते यांना विचारा."

टाळ्या पडल्या नाहीत. सेवक मागच्या दाराने पसार झाला. करड्या टोपीचा म्हातारा बसूनच राहिला. "मुलीचं मात्र खरं आहे," तो म्हणाला. बाहेर पडलेली पुष्कळ माणसं जिथे रांग लागायची तिथेच घुटमळत बोलत राहिली. बहुतेक त्यासाठीच ती येत असावीत.

घराच्या दारात ताई म्हणाली, "चार जणींना घेऊन येते म्हणून होय."

सोमवारी इस्पितळात तिने यंत्र काढायला हात वर केला आणि थांबली. "दुरुस्त केलंस?"

"केलं. घुबडाने तपासलं."

"म्हणजे आता काही यायचं नाही कानात. सुनं वाटेल रे."

"वाटेल," कानवाला म्हणाला. खोटं बोलावंसं त्याला फार वाटलं होतं. "पण इथून पुढे जे काही असेल ते आधी तुला कळेल. मग बाकीच्यांना."

"बाकीचे आहेत कोण?" ताई म्हणाली आणि दोघांनाही हसू आलं. मग तिने यंत्र त्याच्या तळहातावर ठेवलं आणि तिला आत नेलं.

एकटेपणात कानाशी आलेला आवाज गोड लागतो, यात कुणाची चूक नाही. पण त्याला एकदा विचारावं, कुठून आलास, कुणी पाठवलं, उघडून दाखवतोस का. खऱ्याला या प्रश्नांचा राग येत नाही.

कानवाला बाकावर यंत्र मुठीत धरून बसला. घुबडाने तीनदा विचारलं होतं, 'काही कळलं?' दुपारी दार उघडलं, डॉक्टरीणबाई तोंडावरचा मास्क खाली ओढत त्याच्याकडे आल्या आणि बोलायला लागल्या.

"डॉक्टर, थांबा," कानवाला उठत म्हणाला. "तिला शुद्धीवर येऊ द्या. मी यंत्र घालतो तिच्या कानात. मग आधी तिला सांगा."