गोठलेलं तळं

रविवारी दुपारी जेवणाची भांडी आवरली, की त्या घरातल्या टेबलावर नकाशा उघडायचा आणि फासे पडायचे. थोरली बहीण शाळेत भूगोल शिकवायची. खेळात ती एक काल्पनिक जग सांगायची आणि बाकीचे त्यात एकेक पात्र होऊन जगायचे. तिचा धाकटा भाऊ केस कापायचं दुकान चालवायचा. खेळात तो राजाचा जादूगार होता. त्याची बायको नर्स होती. खेळात ती तळ्याकाठी मासे धरायची. वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ सैनिक व्हायचे. हुज्जत घालायची खोड असल्याने सगळे त्यांना वकील म्हणत.

नियम बहिणीने पहिल्याच दिवशी सांगितला होता. "जादूने ऊब तयार होत नाही. एकीकडची उचलून दुसरीकडे ठेवता येते, बस्स."

भावाने या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. त्याने राजवाड्याच्या भिंती कायमच्या उबदार केल्या, राजाचं न्हाणीघर तापवलं. दरबारात त्याचा भाव वधारला.

"ऊब कुठून घेतोस?" बहीण दर वेळी विचारायची.

"तळ्यातून. एवढं अवाढव्य आहे, त्याला काय धाड भरलीय?"

मग एका रविवारी ती शांतपणे म्हणाली, "तळं गोठलंय. पार तळापर्यंत."

बायकोने फासे खाली ठेवले. "माझी पोरं उपाशी आहेत," ती नवऱ्याला म्हणाली. पोरं खेळातली होती, आवाज मात्र खरा होता.

"ताई, वितळवून टाक ना. जग तुझंच आहे."

"आज तुझ्यासाठी नियम वाकवला, तर उद्यापासून कुणी विचार करून कशाला खेळेल?"

"अगं, तिथे ड्रॅगन उडतात! आणि माझ्याच वेळी नियम आडवा येतो?"

"ड्रॅगनसुद्धा उपाशीपोटी उडत नाहीत," वकील म्हणाले.

भाऊ खुर्ची सरकवून उठला. पुढच्या रविवारी तो आलाच नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दुकान उघडून बसला. बायकोने तो विषय काढला नाही. एकदाच, चहाचा कप पुढे ठेवताना ती म्हणाली, "तळं वितळायला हवं होतं असं नाही रे. तू निदान बघायला तरी यायचं होतंस."

त्यानंतरच्या रविवारी तो येऊन बसला. "माझा जादूगार तळ्यावर जातो. गावात हिंडतो, सगळ्यांच्या घरी." मग फासे उचलून, "आणि राजवाड्यात परत येऊन भिंतींतली सगळी ऊब काढून घेतो."

"राजा आंघोळीला बसलाय," बहिणीने सांगितलं.

"बसू दे."

फासे बरे पडले. राजा साबणासकट गारठला. जादूगाराचं पद गेलं, त्याला हद्दपार केलं गेलं. पण ऊब तळ्यात पोचली आणि बर्फ फुटला. बायकोने आपल्या होडीची सोंगटी नकाशातल्या पाण्यावर ठेवली.

बहिणीने नकाशावर तळ्यापासून खाली बोट फिरवत नेलं. सांगावंसं तिला वाटत नव्हतं, हे दिसत होतं. "बर्फामागे नदी अडली होती," ती शेवटी म्हणाली. "ती एकदम सुटलीय. खालच्या गावात पाणी शिरतंय."

वकिलांनी कपाळावर हात मारला. भाऊ मात्र या वेळी उठला नाही. त्याने नकाशा स्वतःकडे ओढला आणि बायकोला विचारलं, "होड्या किती आहेत तुझ्याकडे?"

"सहा. त्यातली एक गळकी आहे."

"गळकी मला दे."