दोघींचा एकच गळा

मी रोज रंगमंचावर माणसं गायब करतो, पण धाकट्या भाचीच्या गळ्यातली सुपारीएवढी गाठ काही मला गायब करता येईना.

माझ्या भाच्या जुळ्या. हे आमचं गुपित. लोकांना वाटतं, मुलगी एकच. थोरलीला मी पेटीत घालून कुलूप लावतो आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच धाकटी शेवटच्या रांगेतून हसत उभी राहते. तिघांचं पोट त्या एका खेळावर. गळा उघडाच ठेवावा लागतो, कारण आमच्या धंद्यात काही झाकलं की लोकांना त्यात चोरी दिसते. एकीच्या गळ्यावर व्रण आला की खेळ खल्लास.

"गाठ साधी आहे, पण वाढतेय. काढावी लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मग मी माझ्या गळ्यावर तसाच व्रण रंगवीन," थोरली म्हणाली.

"दिव्यांच्या उकाड्यात रंग ओघळेल," मी म्हणालो.

"मग कापून घेईन."

ही पोरगी बोलते तसं करते.

"कुणी काही कापून घ्यायचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खालच्या ओठाच्या आतून तीन छोटी छिद्रं पाडायची, तिथून दुर्बीण आणि अवजारं कातडीखालून गळ्यापर्यंत न्यायची, आणि गाठ तोंडातूनच बाहेर काढायची. गाठ लहान आहे, म्हणून हे जमेल. पण आत रक्त थांबलं नाही, तर गळा उघडावाच लागेल. आवाजाची नसही अगदी शेजारी आहे, तिला जपावं लागेल."

"म्हणजे पेटीला मागचं दार," धाकटी म्हणाली. "आपल्यासारखंच की, मामा."

ऑपरेशनच्या दिवशी, आयुष्यभर करवतीनं माणसं कापणारा मी, दवाखान्याच्या बाकावर लटपटत बसलो होतो. थोरलीनं माझ्या हातात पत्त्यांचा जोड कोंबला. "पिसत बस. हात थाऱ्यावर येतील." मी पिसायला गेलो आणि सगळे पत्ते जमिनीवर सांडले. जादूगाराची एवढी शोभा कधी झाली नव्हती.

मी गुडघ्यांवर बसून ते गोळा करत होतो, तेवढ्यात धाकटीला बाहेर आणलं. हनुवटीला चिकटपट्टी, तोंड सुजलेलं, गळा मात्र जसाच्या तसा.

"मामा," ती म्हणाली, "राणी तुझ्या चपलेखाली आहे."

आवाज खणखणीत होता. मी तिथंच ढसाढसा रडलो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

पुढं काही आठवडे हनुवटी बधिर राहिली. चहा प्यायली की अर्धा अंगावर, आणि हसली की ओठ एका बाजूला ओढला जायचा. खेळात दोघींचं हसू सारखं हवं. थोरली म्हणाली, "तिचं सरळ होईस्तोवर माझं वाकडं करते." ती आरशासमोर बसून वाकडं हसायला शिकली. मी म्हटलं, सोंग अंगात मुरेल हं. ऐकते कोण!

पहिल्या खेळाला डॉक्टरबाईंना पुढच्या रांगेत बसवलं. पेटीचं कुलूप त्यांच्याच हातानं लावून घेतलं. मग मागं दिव्याच्या झोतात, उघड्या गळ्यानं धाकटी उभी राहिली आणि टाळ्यांनी छप्पर उडायचंच बाकी राहिलं. गुपित ठाऊक असूनही डॉक्टरबाई चकित होऊन मागं वळल्या होत्या. माझी छाती अभिमानानं फुगली.

खेळानंतर त्या रंगपटात आल्या. दोघी एकसारख्या कपड्यांत उभ्या. डॉक्टरबाईंनी चष्मा सावरून दोन्ही गळे पाहिले, "जरा हसा" म्हणाल्या, आणि मोठ्या विश्वासानं थोरलीची हनुवटी धरली.

"ओठ अजून थोडा ओढला जातोय. होईल हळूहळू सरळ."

"कसा होईल?" थोरली वाकडंच हसली. "मला सवय लागलीय. ऑपरेशन हिचं झालंय."

धाकटी सरळ, भरभरून हसली. डॉक्टरबाई खुर्चीत बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत राहिल्या.

"टाके मी घातले," त्या म्हणाल्या, "आणि मलाच ओळखता येईना."

"मग लोकांना काय येतंय?" धाकटी म्हणाली. तिनं एकदा आरशात गळा पाहिला, आणि उद्या पेटीत कुणी शिरायचं यावरून दोघी भांडायला लागल्या.