सत्तावीस म्हणणारी तुकडी

परीक्षेत नापास व्हायचं कसं, हे तोफमामांना ठाऊकच नव्हतं. आणि सगळं घोडं पेंड खात होतं ते तिथंच.

अठरा वर्षं तोफखान्यात तोफेला खेटून उभा राहिलेला हा माणूस घरी परतला तो दोन्ही कान तिथंच ठेवून. तेव्हापासून घरात ओरडायचं काम मामींकडे. "चहा झालाऽऽ!" "नळ बंद कराऽऽ!" असं करता करता मामींचा घसाच बसला. घशाच्या डॉक्टरने बजावलं, "बाई, ओरडणं थांबवा. नाहीतर आहे तो आवाजही जाईल." मामींना पहाटे देवापुढे दोन ओळी म्हणायची लहानपणापासूनची सवय. पण दिवसभराचा आवाज नळावर आणि चहावर उधळल्यावर देवाच्या वाट्याला काय, तर नुसती खरखर! देव काही बोलला नाही म्हणा, तो भावाचा भुकेला. पण मामींना ते लागून राहिलं. मामांचा अपंगत्वाचा दावा मंजूर झाला असता तर चांगली श्रवणयंत्रं सरकारातून मिळणार होती.

दावा नामंजूर झाला. कारण असं: 'यंत्रावरील तपासणीत कान निकामी दिसले, तरी मुलाखतीत अर्जदाराने सर्व प्रश्नांची उत्तरे क्रमाने व अचूक दिली. सबब सोंग असावे. शिवाय सेवा संपतानाच्या तपासणीत कान उत्तम असल्याची नोंद आहे.'

मामींनी ओरडण्याऐवजी पाटीवर लिहिलं, "उत्तरं कशी आली?"

"अगं, छापील प्रश्न असतात. आधीच कागद आणून आठवडाभर घोकले. त्याचे ओठ हलले की पुढचं उत्तर. एकही चूक नाही!" मामा छाती काढून म्हणाले.

"अहो, बहिरेपण दाखवायला गेला होतात ना?"

"म्हणून काय चुकीची उत्तरं देऊ? सैनिक आहे मी!"

मामींनी पाटी खाली ठेवली. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतायचं?

अपिलाच्या सुनावणीला लांबट टेबलामागे तिघं बसले होते: मधे चष्मेवाल्या अध्यक्षबाई, डावीकडे डॉक्टर, उजवीकडे मिशाळ निवृत्त फौजी अधिकारी. मामींना मागे भिंतीशी बसवलं आणि वर ताकीद, "खाणाखुणा नकोत." मामींनी पदराआड हात जोडले. समोर मामा ताठ. घोकून आलेले, हे त्यांच्या मानेवरूनच कळत होतं.

अध्यक्षबाईंनी छापील कागद पाहिला, मग मामांकडे पाहिलं, आणि काय मनात आलं कोण जाणे, कागद बाजूला सारून त्या मनानेच विचारू लागल्या.

"त्रास कधी सुरू झाला?"

मामांनी खड्या आवाजात स्वतःचं नाव सांगितलं.

"बरं. घरी किती माणसं?"

"पाच हजार सातशे बारा!" हा त्यांचा सैनिक क्रमांक.

कोपऱ्यात टिपण घेणाऱ्या कारकुनाची लेखणी थांबली. डॉक्टरांनी पुढे वाकून विचारलं, "डाव्या कानात काय होतं?"

"एक बायको. सुखात आहे."

"आणि उजव्या?"

"तीन! दोन मुली, एक मुलगा. सगळे मार्गी लागले."

मिशाळ साहेबांनी मिशीत हसू दाबलं, पण मिशी ऐकेना. भिंतीशी मामींनी तोंडावर पदर घेतला. हसू की रडू, त्यांचं त्यांनाच कळेना.

"कान गेलेत, यात शंका नाही," डॉक्टर म्हणाले. "पण तोफेने की वयाने? निवृत्तीच्या दिवशी ते उत्तम होते, अशी नोंद आहे."

अध्यक्षबाईंनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मामांपुढे धरलं: 'निवृत्तीच्या तपासणीत पास कसे झालात?'

मामांचा चेहरा उजळला. "सोपं होतं! डॉक्टर मागे उभे राहून आकडा कुजबुजायचे. मी म्हणालो, सत्तावीस."

'ऐकू आला?'

"छे! पण ते सत्तावीसच विचारायचे. आमच्या हवालदारांनी सगळ्या तुकडीला आधीच सांगून ठेवलं होतं. नापास होऊन घरी जायचं म्हणजे लाज नाही का!"

झालं! मामींनी डोळे मिटले. भर सुनावणीत नवरा 'मी फसवून पास झालो' म्हणून कबूल झाला. देवा, आता तूच!

अध्यक्षबाईंनी फाईल उलटी करून निवृत्तीच्या तपासणीच्या नोंदवहीतल्या पानाची प्रत काढली. आजवर प्रत्येकाने त्यातली मामांची एकच ओळ वाचली होती. बाईंचं बोट पानावरून खाली सरकत गेलं.

"सत्तावीस. सत्तावीस. सत्तावीस... अहो, चाळीसच्या चाळीस जण!"

"सगळेच्या सगळे बहिरे असणार," मिशाळ साहेब पुटपुटले. "तोफ काय माणूस बघून धडाडते?"

डॉक्टरांनी चष्मा पुसला. "म्हणजे ही नोंद कानांची नाही, पाठांतराची आहे. मग तोफ की वय, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही."

"तिथंच निकाल लागला," अध्यक्षबाई म्हणाल्या. "दोन्ही पारडी सारखी राहिली, तर संशयाचा फायदा सैनिकाला, असा आपला नियम. लिहा: अपील मंजूर." आणि कागदावर त्यांनी मामांसाठी लिहिलं: 'पास.'

मामांनी सलाम ठोकला. बाहेर आल्यावर मामींना म्हणाले, "बघितलंस? यंदाही एक चूक नाही."

महिन्याभरात यंत्रं आली. दुसऱ्या दिवशी पहाटे मामींनी देवापुढे भीतभीत सूर लावला. मागून मामांचा आवाज आला, "अगं, दुसरी ओळ बेसूर लागतेय!"

मामी गर्रकन वळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, अगदी कुजबुजत, त्यांनी मामांना मनसोक्त झापलं. आणि मामा शब्द न् शब्द ऐकत, डोळे पुसत, तिथंच ताठ उभे राहिले.