हलणारा सांधा

साकोलीला हायवेच्या कडेला रत्नमाला मेश्रामचं नट-बोल्टचं दुकान आहे. तिचे वडील हिरालाल कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुकान टाकलं आणि गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा लेकीच्या हाती दिलं. बोल्ट मागायला कोणी आलं की रत्नमाला आधी विचारते, "कुठं लावायचा आहे?" काही गिऱ्हाइकं वैतागतात. बहुतेक परत येतात.

त्या हिवाळ्यात एका सकाळी सानगडीच्या दोन बाया दुकानात आल्या. मोठी रुखमिणीबाई, तलावात मासे पाळणाऱ्या महिला गटाची अध्यक्ष. सोबत तिची सून रंजू. रुखमिणीबाईनं पदराची गाठ सोडून एक गंजलेला, मधोमध तुटलेला बोल्ट काउंटरवर ठेवला.

"असा नाही पायजे," ती म्हणाली. "कधीच तुटणार नाही असा दे, बाई. स्टीलचा. सगळेच्या सगळे बदलवून टाकाचे आहेत."

"कुठं लावायचे, मावशी?"

रुखमिणीबाईनं सांगितलं. तलावाच्या मधोमध ड्रमांवर तरंगणारा पाइपांचा सांगाडा, त्यात जाळ्यांचे पिंजरे, पिंजऱ्यांत पंगास मासे. चालायला वरून फळ्यांची वाट. भादव्यात वारा सुटला तेव्हा वाटेचा एक सांधा उघडला. रंजू खाद्याचं टोपलं घेऊन नेमकी तिथंच होती. ती ड्रमांच्या फटीत गेली आणि तिचा पाय जाळ्यात गुंतला. पट्टीची पोहणारी पोरगी, पण पाय मोकळा झाल्याशिवाय पोहणार कशी? तिच्या चुलत सासऱ्यानं, बुधरामनं, उडी मारून जाळं कापलं म्हणून ती वर आली.

"तेव्हापासून हे काठावरच बसते," रुखमिणीबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "जाळे विणते. वाटेवर पाय ठेवत नाही."

रंजू खाली बघत होती. रत्नमालानं तुटका बोल्ट उजेडात धरला. गंज होता, पण वरवरचा. तुटला होता तो मात्र आट्यांच्या खाचेतून, सरळ, कोणीतरी करवतीनं कापल्यासारखा.

"हा सांधा घट्ट असतो की हलतो?" तिनं रंजूला विचारलं.

रंजूनं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली आणि मनगटं वरखाली केली. "लाट आली का असा करते. दिवसभर."

"मग नुसता गंज नाही बाई हा. स्टेनलेसचा लावला असता तरी असाच तुटला असता, थोडा उशिरा. मला बघावं लागेल."

पुढच्या आठवड्यात दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी रत्नमाला पिशवीत बोल्ट भरून सानगडीला गेली. तलाव तिच्या अंदाजापेक्षा फार मोठा निघाला. बुधराम डोंगा घेऊन तयार होता. रत्नमाला काठाशी आली आणि थांबली.

"काय झालं, बाई?" बुधरामनं विचारलं.

"मला पोहता येत नाही हो."

"मंग तुमी इथंच बसा. मी फोटो काढून आणतो."

"फोटोत हलणं दिसणार नाही, भाऊ." असं म्हणून तिनं साडी खोचली, पण पाय काही उचलेना. डोंग्याची कड तिला हाताच्या बोटाएवढी बारीक वाटत होती.

काठावर जाळं विणत बसलेली रंजू हे बघत होती. तिनं सुई बाजूला ठेवली, उठून आली आणि एका उडीत डोंग्यात चढली. डोंगा जरासाही डगमगला नाही. तिनं हात पुढे केला.

"या. मी आहो ना संगं. तुमी पडले तर मी काहाडतो तुमाले."

रुखमिणीबाईनं तोंडावर पदर धरला, मग तीही डोंग्यात येऊन बसली. बुधराम वल्हं मारायला लागला.

वाटेवर चढताना रंजूचा हात घामानं ओला झाला होता. रत्नमालाचाही. दोघी एकमेकींना धरून फळीवर उभ्या राहिल्या. पायाखालून पाणी चुळुक-चुळुक वाजत होतं आणि खाली मासे सावल्यांसारखे फिरत होते. थोड्या वेळानं रंजूनंच हात सोडवला आणि पुढे होऊन तो सांधा दाखवला. तात्पुरता तारेनं बांधलेला.

मग काम सुरू झालं. पाइपांच्या चौकटीला जे पट्टे होते ते हलत नव्हते. तिथं रत्नमालानं साधे, तीनशे चार नंबरच्या स्टेनलेसचे बोल्ट काढले आणि जस्त चढवलेल्या पाइपाला स्टेनलेस थेट घासू नये म्हणून खाली नायलॉनचे वायसर.

"तीनशे सोळावाले काहून नाही?" बुधराम म्हणाला. "भंडाऱ्याच्या दुकानदारानं सांगतलं होतं, तेच सगळ्यात भारी."

"समुद्राच्या खाऱ्या पाण्यात भारी. नळयोजनेच्या क्लोरीनच्या खोलीतही मी तेच देते. तुमचं पाणी गोडं आहे, भाऊ. कशाला?"

वाटेच्या हलणाऱ्या सांध्यासाठी तिनं जाडजूड बोल्ट काढला. त्याला फक्त टोकाला आटे होते, बाकीचा दांडा गुळगुळीत. "आधीच्याला डोक्यापर्यंत आटे होते. घासणं नेमकं आट्यावर व्हायचं, तिथंच तो कापला गेला. आता घासेल ते गुळगुळीत अंगावर. आणि हा नट पूर्ण आवळायचा नाही, सांध्याला हलू द्यायचं. आत प्लास्टिकची कडी आहे, नट सुटून येणार नाही."

सांगाडा जागेवर धरून ठेवणाऱ्या नांगराची साखळी जिथं अडकवली होती, तिथं मात्र तिनं स्टेनलेस दिलाच नाही. जस्त चढवलेला, मळकट दिसणारा, जास्त ताकदीचा बोल्ट दिला. रुखमिणीबाई डोंग्यातून ओरडली, "तिथं काहून काळा?"

"सगळी ओढ तिथं आहे, मावशी. त्याच जाडीत हा त्या स्टेनलेसपेक्षा जास्त ओढ झेलतो. गंज धरेल कधीतरी, पण पाण्याच्या वर आहे, तुम्हाला दिसेल. दिसला की बदला."

बुधराम झपाट्यानं पाना फिरवत होता. पट्ट्याच्या एका बोल्टवर नट अर्ध्यात गेला आणि अडकला. त्यानं अंगाचा जोर लावला. नट पुढेही जाईना, मागेही येईना.

"अरे! ग्रीस," रत्नमाला म्हणाली आणि कपाळाला हात लावला. "माझंच चुकलं. आधी सांगायला पाहिजे होतं. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडा आवळला, घाईनं आवळला, की आटे एकमेकांना चिकटतात. आता सुटत नाही तो."

"मी त समजलो माही ताकद कमी पडून राहिली," बुधराम म्हणाला आणि हसत सुटला. बोल्ट करवतीनं कापावा लागला. ग्रीसची डबी पिशवीतच होती. रंजूनं ती घेतली, बोटानं प्रत्येक आट्यावर ग्रीस चोळलं आणि पाना बुधरामच्या हातातून काढून घेतला.

"मामाजी, तुमी सरका. तुमाले लई घाई."

ती सावकाश आवळत गेली. एका पट्ट्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, आणि असं करत वाटेच्या पार टोकाला पोचली. तिथं पोचल्यावर तिनं मागे वळून बघितलं. काठ लांब होता. ती फळीवर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "खाद्य कोणी टाकलं का आज?"

रुखमिणीबाईनं टोपलं डोंग्यातून पुढे सरकवलं. रंजूनं पहिली मूठ फेकली तसं पाणी उकळल्यासारखं झालं. रत्नमाला दचकून मागे सरकली, बुधरामनं तिचा दंड धरला आणि चौघंही हसली.

पुढच्या भादव्यात वारा आला, चांगला दोन-तीन दिवस राहिला. वाट लाटांवर वरखाली होत राहिली, पण कुठं उघडली नाही. रंजू रोज टोपलं घेऊन जात होती, तेव्हाही गेली. वारा थांबल्यावर तिनं दुकानात फोन करून एवढंच सांगितलं, "बाई, सांधा मस्त हालून राहिला."

मासे काढायच्या दिवशी गटानं रत्नमालाला बोलावलं. हिरालालही काठी टेकत आले. ते काठावर खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी बुधरामला बोल्टांबद्दल इतकं विचारलं, की तो शेवटी जाळं ओढायच्या निमित्तानं सटकला. रत्नमाला वाटेवर गेली, या वेळी रंजूच्या मागोमाग, हात न धरता. पिंजऱ्यातलं जाळं वर आलं तसा एक मोठा पंगास उसळला आणि तिची साडी कमरेपर्यंत भिजली.

दुपारी चिंचेखाली रस्सा आणि नव्या तांदळाचा भात झाला. रुखमिणीबाईनं हिरालालच्या पानात डोक्याचा तुकडा वाढला आणि रत्नमालाच्या पानात दोनदा वाढलं. जाळं ओढायला पाण्यात उतरलेली रंजू ओल्या केसांनी शेवटी जेवायला बसली. तिला फार भूक लागली होती.